बिनशेपटीचं पाखरू

सकाळी अकरा वाजता मामाच्या लक्षात आलं, की टेलिफोन-आजींचं नाणं टेबलावर नाही.

आधी त्याने चष्मा कपाळावर सरकवून टेबल पाहिलं. मग खण उपसले. खुर्ची उचलून खाली डोकावला, शर्टाचे खिसे चाचपले आणि सरतेशेवटी चहाच्या कपात वाकून पाहिलं. तेव्हा बारकीने ओळखलं, मामाची पाचावर धारण बसली आहे.

बारकी आणि तिचा धाकटा भाऊ सुट्टीसाठी मामाकडे आले होते. बारकी वर्गात सगळ्यांत उंच होती, पण लहानपणी पडलेलं नाव तिला काही सोडत नव्हतं. भावाला सगळे शेपूट म्हणत, कारण तो कायम कोणाच्या तरी मागे असे. तिसरा होता मामाचा मुलगा वकील. 'ताट उचल' म्हटलं तरी 'कोणत्या नियमाने?' असं विचारणारा. तिघं पोहायला निघाली होती. खांद्यावर टॉवेल होते आणि शेपटाने घरूनच कमरेला हवा भरलेली ट्यूब चढवली होती. त्या ट्यूबसकट तो दुकानाच्या दारात अडकला, आणि म्हणूनच मामाची ही धावपळ तिघांच्या नजरेस पडली.

मामाचं दुकान कोरीवकामाचं. करंडक, पदकं, दारावरच्या पाट्या. मागे लांब टेबल, त्यावर वाळू भरलेली चामड्याची उशी, पोलादी कलमं आणि खिळ्याला टांगलेलं घोड्याच्या नालासारखं चुंबक. दुकान खाली, घर वर.

नाणं काल आलं होतं. आणणाऱ्या आजी पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, म्हणून गल्लीत त्यांना टेलिफोन-आजी म्हणत. चांदीचं जुनं नाणं, दोन्ही बाजू घासून आरशासारख्या केलेल्या. एका बाजूवर कोणीतरी हाताने चित्र कोरलं होतं: टेलिफोनचा खांब, त्याची तार, आणि तारेवर एकमेकांना चिकटून बसलेली दोन पाखरं. उजव्या पाखराला शेपटी नव्हती. तिथे कलम घसरल्याचा एक लांब ओरखडा होता. दुसरी बाजू साफ कोरी. गळ्यात अडकवायची कडी निखळली होती, तिला डाख देऊन ती पुन्हा बसवायची, एवढंच काम.

हे कोणी दिलं, असं बारकीने काल धीटपणे विचारलं होतं. आजी हसल्या होत्या.

"खांबावर चढून तारा जोडणाऱ्या एकाने. तो तारा जोडायचा आणि मी त्यांच्यावरून माणसं जोडायची. मग त्याची बदली झाली." नाण्यावर अंगठा फिरवत त्या म्हणाल्या होत्या, "त्याचं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच आहे."

आजी आज संध्याकाळच्या पाचच्या बसने दूरच्या गावी, भाचीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. जाताना नाणं नेणार होत्या.

"मिळेल," मामा म्हणाला. कोणाला सांगत होता कोण जाणे. "आणि नाहीच मिळालं तर तासाभरात दुसरं उभं करतो."

त्याने भिंतीवरचा कागद काढला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूचा पेन्सिल घासून छाप घ्यायचा, ही या दुकानाची जुनी रीत. कागदावर खांब, तार, शेपटीवालं पाखरू आणि बिनशेपटीचं पाखरू स्पष्ट उमटलेली होती.

"हुबेहूब करीन. ओरखड्यासकट. त्यांना पत्ताही लागणार नाही."

"पण ते त्यांचं नसेल," बारकी म्हणाली.

"तुम्ही पोहायला जा बघू. आणि बाहेर वाच्यता करायची नाही." मामाने एक जुनं चांदीचं नाणं शोधलं आणि घासायला घेतलं.

बारकी जागची हलली नाही. तिची नजर वाळूच्या उशीवर होती. काल मामाने रात्रीपर्यंत बसून शर्यतींचे करंडक पुरे केले होते. पितळी करंडकांचा पिवळा कीस उशीभर पसरला होता आणि त्यात मधूनमधून पांढरी वेटोळी चमकत होती.

"हा पांढरा कसला?" तिने वकिलाला हळूच विचारलं.

ते वकिलाला पाठ होतं. करंडकावर कलम टेकवण्याआधी त्याची धार पाहावी लागते. त्यासाठी टेबलावर घासून गुळगुळीत केलेली निकेलची जुनी नाणी पडलेली असतात. बाबा डोळे करंडकावरच ठेवतात, डावा हात न बघता एक नाणं उचलतो, अंगठा गुळगुळीत बाजू शोधतो, कलमाचे दोन फटकारे मारायचे, धार बरोबर असली की नाणं बाजूला. फार झिजलेलं नाणं मोडीच्या डब्यात. "डोळे मिटून करतात ते. खरंच. मी पाहिलंय."

बारकीने खिळ्यावरचं चुंबक काढलं आणि उशीवरून फिरवलं. पिवळा कीस ढिम्म हलला नाही. पांढरी वेटोळी टुणटुण उडून चुंबकाला लटकली. सगळी नाही. एक जाडसर, जास्त उजळ वेटोळं तिथेच पडून राहिलं. तिने चुंबक त्याला टेकवलं, तरी ते रुसल्यासारखं पडूनच.

"निकेल चुंबकाला चिकटतं," बारकीचे डोळे मोठे झाले, "आणि चांदी चिकटत नाही."

वकिलाने वाकून ते वेटोळं पाहिलं. मग त्याने एका दमात सांगून टाकलं: आजींच्या नाण्याची मागची बाजू गुळगुळीत. बाबांच्या अंगठ्याला तेवढंच कळतं. म्हणजे त्यांनी काल आजींच्या नाण्यावरच धार पाहिली. आणि मग सवयीने ते टाकलं...

तिघांनी एकदम टेबलाखाली पाहिलं. मोडीचा डबा तिथे नव्हता. त्याच्या जागी धुळीत गोल डाग होता.

"मामा, डबा कुठे गेला?"

"ओतशाळेची गाडी येऊन गेली सकाळी. आजोबांच्या वेळची झिजकी नाणीपण परवाच तळाशी टाकली होती त्यात. खण मोकळा केला," मामा मान न वळवता म्हणाला. बारकीने घाईघाईने सगळं सांगितलं, तसा तो भडकला. मला चांदी आणि निकेल यांतला फरक कळत नाही? जन्म गेला माझा यात. तुम्ही मला शिकवणार? ओतशाळेला फोन लावून बघा तरी, असं वकील म्हणाला. फोन लावला. पलीकडे नुसतीच घंटा वाजत राहिली. भट्टी पेटवायच्या वेळी तिथे फोन कोणाला ऐकू येणार?

"बघितलंत? जा आता," मामाने चष्मा नाकावर ओढला.

तिघं गेली. पण पोहायला नाही. बारकीच्या हातात चुंबक होतं, वकिलाच्या खिशात छापाचा कागद होता आणि शेपटाच्या कमरेला ट्यूब तशीच होती, कारण ती काढायला कोणालाच वेळ नव्हता.

ओतशाळा पुलापलीकडे. उंच पत्र्याचं छप्पर, काळ्या भिंती, आणि दारातच तोंडावर येणारी गरम हवा. आत जमिनीवर पांढरी रेघ मारलेली होती. तिच्या पलीकडे भट्टी घोंघावत होती. शेजारी मुशी ओळीने मांडल्या होत्या. मूस म्हणजे धातू वितळवायचं जाड, काळं भांडं. पहिली मूस भट्टीत होती. तिच्या तोंडाशी हिरवट ज्वाळा नाचत होत्या.

मुकादम पुढे आला. पोट सुटलेला, मिशा पिळलेल्या, आवाज यंत्रावर मात करणारा.

"रेघेच्या अलीकडे. आणि हा इथे पोहायला आला की काय?"

शेपटाने ट्यूब दोन्ही हातांनी घट्ट धरली. बारकीने काम सांगितलं. मुकादमाने ऐकून घेतलं, पण मान हलवली ती नकाराची. मालाची रास पडली आहे, संध्याकाळपर्यंत नळाच्या तोट्या ओतून द्यायच्या आहेत. एका नाण्यासाठी काम थांबवायला लागलो तर झालंच.

आता वकील पुढे झाला. घसा साफ केला. बारकीला एरवी त्याच्या या घसा साफ करण्याचा राग येई.

"काका, तोट्या पितळेच्या ना?"

"मग काय सोन्याच्या?"

"आणि कोरीवकामाच्या दुकानातला डबा कोणत्या राशीत घातलात?"

"पितळेच्या. करंडकांचे तुकडे असतात त्यात. दर वेळी असतात."

"त्यात या वेळी निकेल आहे. पुष्कळ. पितळेत ते मिसळलं की तोट्या फिकट होतील. गिऱ्हाईक घेईल?"

मुकादम हसला. त्याचं पोटही हसलं. नुसत्या नजरेने धातू ओळखतो मी, तो म्हणाला, सकाळी डबा उघडून वरून पाहिलाय, पितळच आहे. वकील याच वाक्याची वाट पाहत होता.

"मग पैज. हे चुंबक तुम्हीच राशीत फिरवा. पितळ चिकटत नाही. काही चिकटलं नाही तर आम्ही माफी मागून जातो. चिकटलं, तर डब्यातला सगळा माल आम्हाला चाळू द्यायचा."

पैज म्हटल्यावर दोन कामगार हातातलं काम टाकून जवळ आले. आता मुकादमाला मागे हटता येईना. त्याने चुंबक घेतलं, राशीत कोपरापर्यंत खुपसलं आणि ऐटीत वर काढलं.

चुंबक दिसेनासं झालं होतं. नुसता पांढऱ्या नाण्यांचा घोस लोंबत होता, द्राक्षांच्या घडासारखा.

कोणी हसलं नाही. मुकादमाने मिशीवरून हात फिरवला, आणि मग त्याचा तो आवाज आणखी मोठा झाला. भट्टीजवळची भरलेली मूस मागे घ्या. पितळेची रास पत्र्यावर पसरा. आणि या पोरांना हातमोजे द्या. हातमोजे शेपटाच्या खांद्यापर्यंत पोचले.

पत्र्यावर माल पसरला. बारकी चुंबक फिरवी आणि घोस काढून बाजूला टाकी. निकेल निघून गेलं की मागे राहणार फक्त पिवळं पितळ. त्यात एकच पांढरं उरलं पाहिजे, आणि ते आजींचं. इतकं सोपं. चुंबक पुन्हा गेलं, पुन्हा आलं. पत्रा हळूहळू पिवळाधमक झाला.

पांढरं काहीच उरलं नाही.

"पाखरं," शेपूट ओरडला. "मला पाखरं सापडली."

तो बाजूच्या ढिगाशी बसला होता, चुंबकाला चिकटून आलेल्या नाण्यांच्या. त्याच्या मोठ्या हातमोज्यावर एक झिजकं नाणं होतं. खांब होता. तार होती. तारेवर दोन पाखरं. बारकीने त्याला मिठीच मारली असती, पण मध्ये ट्यूब होती.

मग तिने नाणं चुंबकाजवळ नेलं. टक्कन चिकटलं.

"हे निकेल आहे. आजींचं नाही हे."

वकिलाने छापाचा कागद उलगडला. या नाण्यावर दोन्ही पाखरांना शेपट्या होत्या. आणि मागची बाजू कोरी नव्हती. तिथे एक छोटंसं घर होतं, दार उघडं असलेलं. घराच्या छपरापासून एक तार निघून थेट नाण्याच्या काठापर्यंत गेली होती.

तिघं एकमेकांकडे पाहतच राहिली. तेच चित्र, तोच हात, आणि मामाच्याच डब्यात? पण विचार करायला वेळ नव्हता. चांदीचं नाणं अजून कुठे होतं?

"डब्यात शेवटी काय पडलं?" बारकी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "काल रात्री टाकलं म्हणजे ते सगळ्यांत वर. आणि डबा ओतला की वरचं..."

"सगळ्यांत आधी बाहेर," वकिलाने पुरं केलं.

मुकादमाने डब्यातली पहिली मूठ कोणत्या मुशीत गेली ते कामगाराला विचारलं. कामगाराने भट्टीकडे पाहिलं, मग मागे घेतलेल्या मुशीकडे, मग डोकं खाजवलं. आगीतली मूस की ही, त्याला नक्की आठवेना. भट्टीच्या तोंडाशी हिरवी ज्वाळा एकदम उंच झाली. बारकीला आजींचं वाक्य आठवलं, एवढंच आहे, आणि तिने डोळे मिटून घेतले.

मुकादमाने लांब सांडशीने बाहेरची मूस आडवी केली. पितळ खळखळत पत्र्यावर आलं. कड्या, तुकडे, करंडकाचा अर्धा कान. आणि त्या सगळ्यावरून एक पांढरी चकती घरंगळत आली, पत्र्याच्या काठावर गिरकी घेतली आणि शेपटाच्या पायाशी आडवी झाली.

शेपटाने चुंबक टेकवलं. चिकटलं नाही. नाणं उलटलं. एका पाखराला शेपटी नव्हती.

यावेळी ओतशाळेतले सगळेच ओरडले. मुकादम सर्वांत मोठ्याने.

परतीच्या वाटेवर पुलाच्या घड्याळाने त्यांना भानावर आणलं. दुपार केव्हाच सरली होती. तिघं पळत सुटली. आजी दुकानात पोचायच्या आत पोचायचं होतं. ट्यूब धापा टाकल्यासारखी फसफसत होती.

आजी आधीच आल्या होत्या.

काउंटरजवळ त्यांची बॅग होती. मामाने नवं नाणं मखमलीवर ठेवून पुढे केलं होतं. काम हुबेहूब होतं, त्यात वाद नाही. खांब तोच, तार तीच, ओरखडासुद्धा केसभर इकडचा तिकडे नाही. मामाच्या कपाळावर मात्र घाम होता. आजींनी नाणं उचललं, आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा सवयीने त्या ओरखड्यावर गेला. तिथेच थांबला.

"हा टोचतो," त्या म्हणाल्या.

"नवीन पॉलिश आहे ना, म्हणून..."

"माझा टोचत नाही. इतकी वर्षं हात फिरवून मऊ झालाय तो." त्यांनी नाणं मखमलीवर ठेवलं. आवाज चढला नाही. "माझं कुठे आहे?"

त्याच क्षणी दार आपटलं. शेपूट पुन्हा दारात अडकला. त्याच्या डोक्यावरून बारकीचा हात आत आला, आणि त्या हातात नाणं होतं.

आजींनी ते घेतलं. अंगठा ओरखड्यावरून एकदा गेला, आणि मग मामाने सरकवलेल्या स्टुलावर त्या खाली बसल्या.

मामाने सगळं कबूल केलं. लपवलं, हे जास्त वाईट केलं, असंही म्हणाला. मग नवं नाणं पॉलिशच्या चाकावर धरलं. करकर आवाज झाला आणि खांब, तार, पाखरं पुसली गेली. आजींच्या नाण्याच्या कोऱ्या पाठीवर त्याने काल मारलेले दोन फटकारे चमकत होते. तेही घासून देतो, तो म्हणाला.

"आत्ता नको," बारकी म्हणाली आणि दुसरं नाणं काउंटरवर ठेवलं. "आधी हे बघा."

आवाज ऐकून आजोबा जिन्यावरून सावकाश उतरत होते. हे मामाचे वडील. दुकान त्यांनी सुरू केलं होतं. आता नजर अधू झाल्याने वरच असत. त्यांनी निकेलचं नाणं हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं, उलटं करून पुन्हा चाचपलं.

"खांबवाला," ते म्हणाले. "याच स्टुलावर बसायचा रोज संध्याकाळी. मी कोरून देतो म्हटलं, तर नाही म्हणाला. मलाच कोरायचंय. आधी या निकेलवर हात बसवला त्याने. शिकाऊ नाण्यावर पाखरं छान जमली. खऱ्यावर मात्र कलम घसरलं."

"आणि हे घर?" आजींनी विचारलं.

"ते मागच्या बाजूला यायचं होतं. तिला विचारून मग कोरीन, म्हणाला. बदलीनंतर एकदा परत आला होता तो, घर पुरं करायला. तोवर तुमच्या एक्स्चेंजने तुम्हाला दुसरीकडे धाडलं होतं. कुठे, ते इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही परत आलात तेव्हा मी वर बसलेला; ती तुम्हीच, हे मला आज कळतंय."

आजी त्या इवल्याशा घराकडे पाहत होत्या, छपरावर उतरलेल्या तारेकडे.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "मागची बाजू त्याने कोरी ठेवली, म्हणजे त्याला पुढे काही म्हणायचंच नव्हतं."

तो आता कुठे असेल, हे वकिलाने विचारलं. आजोबांनी बराच वेळ आठवलं. घाटावरच्या गावात दिवे आणि तारांचं दुकान टाकतोय, असं शेवटचं कानावर आलं होतं. फार जुनी गोष्ट. दुकान आहे की नाही, तो आहे की नाही, काही सांगता येत नाही.

बाहेर पाचची बस वळणावर आली आणि हॉर्न वाजवू लागली. मामाने बॅग उचलली. आजींनी ती त्याच्या हातून काढून पुन्हा खाली ठेवली.

"पोरांनो," त्या म्हणाल्या, "तुम्ही नसतात तर मी एक खोटं नाणं घेऊन बसमध्ये बसले असते, आणि एक खरी गोष्ट भट्टीत गेली असती. हुशार आहात. आणि त्याहून बरं म्हणजे चिवट आहात." मग मामाकडे वळून त्या म्हणाल्या, "फोन कुठे आहे?"

मामाने टेलिफोन काउंटरवर आणून ठेवला. आजी ताठ बसल्या. त्यांनी टेलिफोनच्या चौकशी विभागाला फोन लावला, आणि बारकीला वाटलं या कोणी वेगळ्याच बाई आहेत. आवाज तरुण, स्वच्छ, एकही शब्द वाया न घालवणारा. गावाचं नाव, दुकान कसलं, माणसाचं आडनाव. पलीकडची मुलगी शोधत होती. आजींनी पेन्सिल मागितली नाही. नंबर त्यांनी एकदाच ऐकला आणि फिरवला.

बस निघून गेली. रस्त्यावर शांतता झाली, आणि रिसीव्हरमधली घंटा काउंटरभोवती जमलेल्या सगळ्यांना ऐकू येऊ लागली. शेपूट ट्यूब धरून श्वास रोखून उभा होता. आजींच्या एका मुठीत दोन्ही नाणी होती.

घंटा वाजत राहिली. मग मध्येच तुटली.

"उचलला," आजी म्हणाल्या.